मामाच्या डाव्या बाजूला : नागपूर–जबलपूर–नागपूर

सोमवार : हिंगणा, वाडी

हेवीचं लायसन्स खिशात आहे, एवढ्यावर नागपुरात कोणी गाडीची चावी देत नाही. वाडीत ट्रान्सपोर्टच्या कोणत्याही ऑफिसात जा, पहिला प्रश्न ठरलेला : "कोणत्या लाईनवर चालवली?" लाईन म्हणजे रायपूर, हैदराबाद, इंदूर, जबलपूर, ज्या रस्त्यावरचा ढाबा न् ढाबा आणि खड्डा न् खड्डा पाठ असतो, तो रस्ता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानाला कोणी लाईन म्हणत नाही.

कायद्याच्या बाजूने सगळं सरळ आहे. कारचं लायसन्स वर्षभर जुनं झालं आणि वयाची २० वर्षं पूर्ण झाली की मालवाहू गाडीचं लायसन्स काढता येतं. आठवी पासची अट होती, तीही २०१९ मध्ये गेली. पण स्कूलची गाडी रिकामी, टेस्ट रिकाम्या गाडीवर, आणि तीही सपाट जागी. पाठीवर दहा टन माल असताना गाडी कशी थांबते, कशी चढते, वळणावर कशी कलते, हे त्यात कुठेच येत नाही.

पूर्वी याचं उत्तर क्लीनर होतं. पोरगं दोन-चार वर्षं क्लीनरगिरी करायचं, टायर बदलायचं, ताडपत्री ओढायचं, उस्तादाच्या शिव्या खायचं, आणि रात्री मोकळा रस्ता लागला की उस्ताद स्वतःहून स्टेअरिंग सोडायचा. आता भाड्यात परवडत नाही म्हणून बऱ्याच मालकांनी क्लीनर ठेवणंच बंद केलंय. ड्रायव्हर एकटा जातो, एकटा येतो. मालक म्हणतात चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत. मिळणार कुठून? ते जिथे तयार व्हायचे ती सीटच रिकामी ठेवली.

माझं नशीब एवढंच की सख्खा मामा जबलपूर लाईनवर आहे. सहाचाकी गाडी, एमएच ४० पासिंग, म्हणजे नागपूर ग्रामीणची. मामाने सेठला विचारलं, सेठने हो-नाही काहीच म्हटलं नाही. मामाच्या हिशेबात याचा अर्थ हो.

दुपारी हिंगणा एमआयडीसीत गाडी लावली. माल होता प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या आणि पाइप. हजार लिटरच्या टाकीत पाचशेची, तिच्यात त्याहून लहान, अशा एकात एक घातलेल्या. गाडी काठोकाठ भरली तरी वजन दोन टनांच्या आत-बाहेर. मी खूश झालो, हलका माल आहे म्हणून. मामा नव्हता.

"हलका माल म्हणजे शिडाची नाव. हवा आली का कळते."

ताडपत्री टाकायला दोघे वर चढलो. ताडपत्री नुसती झाकायची नसते. पुढची कड मागच्या कडेखाली गेली तर चालत्या गाडीत वारा आत शिरतो आणि तासाभरात ती फुगून फाटते. म्हणून पुढची कड नेहमी वर. मग रस्सा. बाजूच्या हुकातून घेऊन वर, पलीकडे, पुन्हा खाली, आणि प्रत्येक हुकाजवळ रश्श्यालाच एक फासा पाडून त्यातून टोक ओढायचं. असं ओढलं की एकट्या माणसाच्या जोरातही रस्सा तारेसारखा ताणला जातो, आणि सोडताना एका हिसक्यात सुटतो. मामाचे हात हे न बघता करतात. मी बघत होतो तरी मला दुसऱ्यांदा करून दाखवावं लागलं. तळहातावर रश्श्याचे लाल वळ उठले, ते मामाने पाहिले आणि काही बोलला नाही.

संध्याकाळी बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा जीएसटीचा कागद, हातात आलं. जबलपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे आपल्याला दोन. त्यावर गाडीचा नंबर बरोबर पडलाय की नाही, हे मामाने चष्मा लावून, अंकावर बोट ठेवून वाचलं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर रस्त्यात गाडी उभी करतात, आणि ती ड्रायव्हरची उभी राहते, माल पाठवणाऱ्या पार्टीची नाही.

मंगळवार : वाडी ते जबलपूर

पहाटे चारला थंडी अशी की बोनेटवरचं दव हाताने पुसावं लागलं. मामाने गाडीभोवती एक चक्कर मारली, टॉर्च माझ्या हातात, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या. प्रत्येक टायरवर एक ठोका. हवा बरोबर असली की टॉमी टणकन उसळते, कमी असली की आवाज बसका येतो. मागच्या जोडचाकांमध्ये तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण आतला टायर बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. सगळं वजन एकावर येतं, तो तापतो, आणि फुटतो तो चांगला टायर. डाव्या जोडचाकांत लिंबाएवढा दगड अडकला होता. मामाने टॉमीने उकलून काढला आणि माझ्या हातात दिला. "हा ऐंशीच्या स्पीडमधी सुटला तं मागच्या मोटरसायकलवाल्याचं काय होईन?"

मग इंजिन सुरू करून हवा भरायची वाट. हे कारवाल्या मित्रांना समजावून सांगताना माझी दमछाक होते. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा नसेल तर गाडी धावत सुटत नाही, उलट पार्किंग ब्रेकची स्प्रिंग चाकं धरून ठेवते. मीटरचा काटा आठाच्या आसपास येईपर्यंत आणि बझर बंद होईपर्यंत गियरला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात मामाने युरियाची टाकी पाहिली. बीएस-६ च्या गाड्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, एप्रिल २०२० नंतरच्या, बहुतेक डिझेलसोबत युरियाचं पाणीही पितात. ते संपलं की इंजिन ताकद कमी करून टाकतं. जुने ड्रायव्हर याला मनापासून शिव्या घालतात.

आउटर रिंग रोडने कामठीकडे, कन्हान नदी ओलांडली आणि कन्हानच्या पुढे मामाने गाडी बाजूला घेतली. "ये इकडे."

सीट मामाच्या उंचीची, माझे पाय क्लचला जेमतेम टेकत होते. ती पुढे घेतली, आरसे फिरवले. मामा डावीकडे, माझ्या नेहमीच्या जागी, आणि पहिल्यांदा त्याने स्वतःचा बेल्ट लावलेला पाहिला. मनसरपर्यंत काही विशेष नाही. रामटेकचा गड उजवीकडे अंधारातून हळूहळू सुटा होत होता. मनसरच्या पुढे समोरून एक भरधाव कंटेनर आला आणि त्याच्या हवेचा धक्का आमच्या टाक्यांना बसला, तेव्हा शिडाची नाव कळली. गाडी अख्खी एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. स्टेअरिंग आवळून उलट फिरवावंसं वाटतं. मामा शांतपणे म्हणाला, "कायले झटते तिच्याशी? धरून ठेव फक्त. आपणच येते जागेवर." आणि येते खरंच.

मनसर ते खवासा हा तुकडा मला कधीपासून नीट बघायचा होता. पेंचच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी करायचा तेव्हा वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, आणि त्यातून महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली गेली. सर्वांत लांब वाट साडेसातशे मीटरची आहे. वरून जाताना दोन्ही बाजूंना उंच पत्र्याच्या भिंती लागतात, दिव्यांचा झोत आणि आवाज जंगलात जाऊ नये म्हणून. भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले, त्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ सगळे ये-जा करताना सापडले. ड्रायव्हरला यातलं काहीही दिसत नाही. पत्रा, पत्र्याच्या वर सागाचे शेंडे, आणि टायरचा आवाज दोन्ही भिंतींवर आदळून केबिनमध्ये परत. मामा या लाईनवर इतकी वर्षं आहे आणि वाघ त्याने गोरेवाड्याला पाहिला, पिंजऱ्यातला.

खवाशाला हद्द. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून आरटीओचे चेकपोस्ट बंद केले, त्यामुळे पूर्वी जिथे किलोमीटरभर रांग असायची तिथे आता गाडी सरळ निघून जाते. मामाला ती रांग आठवते. तो म्हणतो, रांगेत निदान झोप व्हायची.

कुरईच्या पुढे घाट चढायला लागलो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर, शिवनी सहाशेच्या वर. मधला बराचसा फरक या एका घाटात चुकता होतो. हलक्या गाडीला चढ जाणवलाच नाही, चौथ्यात चढली. मामा मात्र चढणीवर बोलायला लागला, आणि सगळं परतीचं. हे वळण दिसते का, हे उतरताना उजवीकडे ओढते. इथे डावीकडे जागा आहे, गाडी तापली तर थांबायची. या पुलाच्या आधी ब्रेक, पुलावर नाही. मी चढत होतो आणि तो माझ्याकडून उतरवून घेत होता. हलक्या गाडीने घाट चढताना भरल्या गाडीचा उतार शिकवायचा, ही पद्धत कोणत्या स्कूलमध्ये मिळेल?

शिवनीच्या अलीकडे, गोपालगंजच्या भागात मुंडारा नावाचं गाव आहे. तिथे वैनगंगा उगम पावते. भंडाऱ्याच्या पुलावरून जी पाहिली, जिच्यावर पुढे गोसीखुर्दचं धरण झालं, ती हीच. गंमत म्हणजे नदी आधी उत्तरेला निघते, छपाऱ्याला महामार्ग तिला ओलांडतो, आणि मग ती मोठा वळसा घालून बालाघाटवरून खाली आपल्याकडे येते. छपाऱ्याच्या पुलावर मामाने हात जोडले. मी स्टेअरिंग सोडलं नाही म्हणून खूश झाला.

शिवनीच्या पुढे एका ढाब्यावर गक्कड आणि वांग्या-टमाट्याचा भरता खाल्ला. गक्कड म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा गोळा, तूप घालून कुस्करायचा. नागपूरहून निघालेल्या माणसाला त्यात तिखट कमीच वाटतं. लखनादौनला ४४ नंबर सरळ नरसिंहपूर, सागरकडे जातो आणि जबलपूरची वाट उजवीकडे सुटते, राष्ट्रीय महामार्ग ३४. त्यानंतर गाडी मामाने घेतली. बरगी, मग नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल, आणि दुपारी उशिरा अंधमूक बायपासच्या एका गोडाउनबाहेर आम्ही उभे. गोडाउनला कुलूप होतं.

बुधवार : जबलपूर

गाडी खाली झाली नाही. मुनीम सकाळी म्हणाला अकराला, अकराला म्हणाला जेवण झाल्यावर, जेवण झाल्यावर हमाल नव्हते.

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बिल्टीवर पोहोचल्याची वेळ लिहून घ्या, एवढं मात्र नव्या पोरांनी लक्षात ठेवा. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे मागताना तोच एक कागद उपयोगी पडतो, आणि मुनीम ती वेळ लिहायला नेहमी टाळाटाळ करतो. मामाने लिहून घेतली. त्यासाठी त्याला मुनिमाच्या गावाची, पोराच्या शिक्षणाची आणि गुडघेदुखीची चौकशी करावी लागली.

दुपारी केबिनमध्ये मी मोबाइलवर वाचून दाखवलं : मोटर परिवहन कामगार कायदा, १९६१, जो नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्यात होतं : दिवसाला आठ तास काम, सलग पाच तास झाले की किमान अर्धा तास विश्रांती. मामा पडल्या पडल्या हसला. "मंग आजचे आठ तास झाले का माहे? मी तं पडूनच हाये." ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, हेही सांगितलं. त्यावर तो उठून बसला. मे महिन्यात बुटीबोरी ते हिंगणघाट ज्याने दुपारी ट्रक चालवलाय, त्याला यात चैन दिसत नाही. आमची गाडी त्याआधीची, तिला डॅशबोर्डवर बसवलेला पंखा आहे, तो गरम हवा या कानाकडून त्या कानाकडे करतो.

संध्याकाळी ऑटोने शहरात जाऊन खव्याची जिलेबी खाल्ली. काळपट, जाड, एक खाल्ली की पोट भरते. परत आलो तेव्हा हमाल आले होते आणि टाक्या उतरत होत्या.

गुरुवार : पाटणचा पट्टा ते कुरई

डिसेंबरात जबलपूरहून रिकामी गाडी परत नेणारा ड्रायव्हर विरळाच. पाटण, शहपुरा, सहजपूर या पट्ट्यात मटार इतका पिकतो की हंगामात नागपूर, मुंबई, हैदराबादच्या गाड्या रांगेत असतात. दलालाचा फोन सकाळीच आला. कळमन्याचं, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजाराचं भाडं, पहाटेच्या लिलावाआधी पोचायचं.

मटार हा माल दिसतो गरीब पण आहे भारी नखऱ्याचा. तोडल्यावरही शेंगा श्वास घेत राहतात आणि तापतात. पोत्यांच्या मधोमध हात घातला तर डिसेंबरच्या थंडीतही आत ऊब लागते. तापला की गोडी जाते, साखरेचा स्टार्च होतो, आणि कळमन्याचा व्यापारी एक शेंग फोडून दाणा जिभेवर ठेवतो तेव्हा त्याला ते लगेच कळतं. म्हणून पोती जाळीची, थरांच्या मध्ये वाऱ्याला वाट, आणि ताडपत्री पुढून थोडी उचललेली. सोमवारी जी कड मी दाबून बांधायला शिकलो, तीच आता वारा आत घ्यायला मोकळी ठेवायची होती.

आमची गाडी दोन एक्सलची. २०१८ साली एक्सलचं वजन वाढवलं तेव्हापासून अशा गाडीला मालासकट साडेअठरा टनांची परवानगी आहे, आधी १६.२ होती. पार्टीचा माणूस म्हणाला अजून वीस पोती टाका, कोण बघतंय. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण मामाने दंडाचं नावही काढलं नाही. तो म्हणाला, "कुरई तुमी उतरवून द्या, मंग टाकतो." माणूस गप्प झाला. वजनकाट्यावर गाडी अठरा टनांच्या थोडी आत भरली. ताज्या भाजीला जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलाची भानगड नव्हती. काट्याची पावती आणि बिल्टी घेऊन संध्याकाळी सहाला निघालो.

बायपास सोडल्यावर मामाने गाडी मला दिली.

इथे मला जरा सविस्तर लिहायचंय. मंगळवारी चालवलेली गाडी आणि ही गाडी, नंबर तोच, स्टेअरिंग तेच, पण हिला प्रत्येक गोष्ट आधी सांगावी लागते. पहिल्या गियरमध्ये उचलताना क्लच अर्ध्यावर आला की केबिन आधी किंचित वर उठते, मग मागचं वजन 'हो' म्हणतं, आणि मग चाकं फिरतात. त्या उठण्याआधी क्लच सोडला तर बंद पडते, फार वेळ अर्ध्यावर धरला तर प्लेट जळते. दुसरा, तिसरा घाईने टाकून चालत नाही, आणि उशीर केला तर डिझेल जातं. समोर गावातला स्पीड ब्रेकर दिसला की रिकाम्या गाडीत जिथे ब्रेकवर पाय जायचा, त्याच्या कितीतरी आधी एक्सलरेटरवरून पाय काढायचा. मामाने त्याला खूण दिली होती : "तुले ब्रेक मारावा वाटते ना, तिथं गाडी आधीच हळू झालेली पायजे."

आणि वजन ढकलतं. हे सांगून समजत नाही. बरगीजवळ उतारावर मी वेग कमी केला, गाडी ऐकली, आणि सेकंदभराने मागून कोणीतरी पाठीला हात लावून पुढे लोटावं तसं झालं. माल हलला नव्हता, पोती घट्ट होती. तो नुसता बारा टनांचा जोर होता, ज्याला थांबायला अजून वेळ हवा होता. त्यानंतर मी पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवलं की दोन कारवाले मध्ये घुसले. घुसू दे. मामा त्यांना 'पाहुणे' म्हणतो, आला पाहुणा की आपण पुन्हा मागे सरकायचं.

रात्री लखनादौनच्या पुढे धुकं लागलं. लांबचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवा खालचा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. मामाने काच खाली घेतली आणि डोकं थोडं बाहेर काढून बसला. धुक्यात दिसण्याआधी ऐकू येतं, म्हणे. छपारा कधी गेलं कळलं नाही. शिवनीच्या अलीकडे चहाला थांबलो, मामाने टायरला हात लावून बघितले, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, तळवा ठेवला. कोमट. "मस्त. ब्रेकवर बसून नाई आला तू." एवढं कौतुक त्याच्याकडून माझ्या आईलाही मिळालेलं नाही.

घाटाच्या अलीकडे मोहगावला त्याने गाडी घेतली. मी मागितली नाही आणि त्याने विचारलं नाही.

कुरई उतरताना मी पूर्ण वेळ त्याच्या पायांकडे बघत होतो. उतार सुरू व्हायच्या आधीच तिसरा गियर, सपाटीवरच. उतारावर गेल्यावर गियर बदलायला गेलात आणि अडकला तर गाडी मोकळी सुटते, मग ती कोणाची नाही. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलेलं, इंजिन घरघरत गाडीला मागे खेचतंय, आणि पाय ब्रेकवर अधूनमधून, दोन-तीन सेकंद, दाबून सोडून. सतत दाबून ठेवला तर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासणारे लायनर गुळगुळीत होतात, आणि मग पेडल दाबलं तरी काही होत नाही. ज्या गियरमध्ये भरली गाडी चढली असती त्याच गियरमध्ये उतरवायची, हा त्याचा हिशेब. मंगळवारी त्याने जी जी जागा दाखवली होती ती बरोबर उलट्या क्रमाने समोर येत होती, आणि वळण उजवीकडे ओढत होतं.

मध्यावर आमच्या बाजूने एक गाडी सुसाट निघून गेली. इंजिनचा आवाज नव्हता. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली. दोन वळणं खाली ती डावीकडच्या मोकळ्या जागेत उभी दिसली, मागच्या चाकांतून धूर, जळक्या लायनरचा तो कडवट वास आमच्या केबिनपर्यंत. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत होता, माझ्याच वयाचा असेल. सोबत कोणी नव्हतं. मामाने गाडी पुढे घेऊन लावली, खाली उतरला, आणि त्याला पहिलं हे सांगितलं की तापल्या ड्रमवर पाणी टाकू नको, तडकतो. अर्धा तास तिथे गेला. कळमन्याचा लिलाव मामाच्या डोक्यात असणारच, पण घड्याळ त्याने एकदाही पाहिलं नाही. निघताना त्या पोराला म्हणाला, पुढे घाट थोडाच आहे, दुसऱ्यात घाल आणि माझ्या मागे ये. तो आला. खवाशापर्यंत त्याचे दिवे आरशात होते.

शुक्रवार : कळमना, वाडी

देवलापारच्या पुढून कळमन्यापर्यंत गाडी माझ्याकडे. पत्र्यांच्या भिंती, मनसर, कन्हान, सगळं झोपेत गेलेलं गाव. साडेचारच्या सुमाराला कळमना मार्केटच्या गेटमध्ये शिरलो तेव्हा आत दिवसासारखा उजेड आणि गलका होता. संत्र्यांचे ढीग, आंबिया बहार संपत आलेला, वांग्याच्या गाड्या, आणि कुठूनतरी तर्रीचा वास. मार्केटच्या आत गाडी बॅक घेणं हा घाटाहून वेगळा प्रकार आहे. इथे वेग नाही पण डाव्या आरशात हातगाडी, उजव्यात बैल, आणि मागे हमाल 'आने दो, आने दो' ओरडत स्वतःच चाकाच्या वाटेत उभा. मामा खाली उतरून मागे गेला आणि बोटाने दाखवत राहिला. दिसत नसेल तर थांबायचं, आवाजावर गाडी मागे घ्यायची नाही, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी तीनदा थांबलो, हमालांनी तीनदा शिव्या घातल्या.

व्यापाऱ्याने मधल्या थरातलं पोतं ओढायला लावलं, शेंग फोडली, दाणा खाल्ला. मान हलवली. कळमन्यात एवढंच सर्टिफिकेट मिळतं.

दिवसा शहरात जड गाडीला नो-एंट्री लागायच्या आत बाहेर पडलो आणि वाडीला आलो. ज्या पंपावर सोमवारी टाकी काठोकाठ भरली होती तिथेच पुन्हा काठोकाठ भरली. असाच अ‍ॅव्हरेज निघतो, आणि नवा ड्रायव्हर कसा आहे हे सेठला त्या एका आकड्यावरून कळतं. उगाच रेस केली, उशिरा गियर बदलले, ब्रेक मारत आला, सगळं लिटरमध्ये उतरतं.

सेठने कॅल्क्युलेटरवर दोनदा भागाकार केला. सहाच्या थोडा खाली. जाताना माल हलका होता हे धरूनही वाईट नव्हता.

"पोराने किती चालवली?" त्याने मामाला विचारलं.

"रस्ता होता तितकी."

सेठने माझ्याकडे पाहिलं, मग हॉल्टिंगचा कागद उचलून वेळ वाचली आणि तो जबलपूरच्या पार्टीला फोन लावायला लागला. फोन कानाला असतानाच म्हणाला, रविवारी रायपूरला कापसाच्या गाठी जायच्या आहेत, परत येताना सळाख, दोघेही या. मामाने भत्त्याचं विचारलं. तो एकाचाच मिळेल म्हणाला. मामा म्हणाला, मग परतीला सळाख भरल्यावर आम्हा दोघांपैकी एकच उतरून ताडपत्री बांधेल, चालेल का? सेठने फोनवर हात ठेवला आणि दीड भत्त्यावर ठरलं.